आमचे दाजी आणि भिंतीतली दोन भोकं

दाजी गेल्याचा फोन आला तेव्हा मी दाजींवरच तणतणत होतो. उन्हाळ्याची दुपार, बाहेर नुसता जाळ, आणि हॉलमधला एसी वारा सोडत होता पण गारव्याचं नाव नाही. सकाळी फोन केला तर म्हणाले, "येतो की, जेवून येतो." त्यांचं जेवण बाराला. तीन वाजले तरी माणसाचा पत्ता नाही. मी बायकोला म्हणालो, "सगळ्या बावड्याचे एसी दुरुस्त करतील, पण मेहुण्याचा म्हटलं की यांची गाडी पंक्चर होते." तेवढ्यात फोन वाजला, नाव त्यांचंच. मी आवाज चढवूनच उचलला, "काय दाजी, कुठं कडमडलाय?" पलीकडे माझी थोरली बहीण, अक्का होती. ती एवढंच म्हणाली, "सुभाष, ह्ये उठंनात रं..."

जेवून जरा पडले होते. डॉक्टर म्हणाले, झोपेतच गेले, त्यांना काही कळलंही नसेल. दाराशी हत्यारांची पिशवी काढून ठेवलेली होती, म्हणजे माझ्याकडेच निघायचं होतं. त्याला आता दीड महिना होईल. माझ्या तोंडून त्यांच्यासाठी निघालेला शेवटचा शब्द 'कडमडलाय' हा आहे, आणि तोही त्यांनी ऐकला नाही हे एक बरं. मी लेखक-बिखक नाही. कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत एका कारखान्यात क्वालिटीला होतो. दुसऱ्यांनी केलेल्या कामातल्या चुका काढायच्या आणि त्याचा पगार घ्यायचा, यात नोकरी संपली. लिहायला का बसलोय ते पुढं येईलच.

दाजींना मी पहिल्यांदा पाहिलं ते अक्काला बघायला आले तेव्हा. मी कॉलेजात होतो. आमच्या वडिलांचा आवाज असा, की साधं 'बसा' म्हटलं तरी समोरचा उठून उभा राहायचा. त्यांनी विचारलं, "पावणं, करता काय?" दाजी म्हणाले, "हिवाळ्यात गरम करतो, उन्हाळ्यात गार करतो." वडिलांना वाटलं, पोरगं चेष्टा करतंय. मग कळलं की त्यांचं बंब, हीटर आणि कूलर दुरुस्तीचं दुकान आहे. पोह्यांची बशी हातात होती, सगळे अक्काच्या येण्याची वाट बघत होते, आणि हा माणूस कान टवकारून परसाकडे बघत बसलेला. परसात आमचा तांब्याचा बंब होता, मध्ये विस्तव आणि भोवती पाणी असा जुन्या घरोघरी असायचा तसा. दाजींनी बशी खाली ठेवली. "बंब गळतोय. पाणी इस्तवात पडालंय, चुर्र वाजालंय बगा." आणि उठून चालू लागले! अक्का चहाचा ट्रे घेऊन बाहेर आली तर खुर्ची रिकामी. नवरा मुलगा परसात उकिडवा बसून बंबाचं बूड चाचपत होता. दुसऱ्या दिवशी येऊन त्यांनी गळक्या जागी कथलाचा डाग मारून दिला, आणि तिसऱ्या दिवशी होकार आला. अक्का पुढं सगळ्यांना सांगायची, "मला कुठं बघितलंय त्यांनी? पसंत केलं बंबाला, मी आपला संगट आलो."

बंब गेले, रॉड आले. रॉड गेले, विजेचे गिझर आले. कूलर आले, मग गॅसचे गिझर, मग एसी. दर काही वर्षांनी दाजींचा धंदा त्यांच्या हाताखालून सरकायचा आणि दर वेळी ते वहीपेन्सिल घेऊन नव्यानं शिकायला बसायचे. दुकानातली जुनी माणसं नव्या मशिनांना शिव्या घालत बसली, दाजी मात्र नवं मशीन आलं की लहान पोरासारखे उघडून बघायचे. कामाची त्यांची एक पद्धत होती. दुरुस्ती झाली, मशीन चालू झालं, की निघायचं नाही. दहा मिनिटं बसायचं. लोक म्हणायचे, झालं की, जावा आता. दाजी म्हणायचे, "च्या करा तवर. मेकॅनिक दारात हाय तवर मशीन बी शहाण्यागत वागतंय. जरा इसरू दे त्याला, मी हाय म्हणून." मग चहा पिता पिता त्यांचं निम्मं लक्ष कपात आणि निम्मं आवाजात. कित्येकदा अर्ध्या कपावर उठून परत झाकण खोलायचे. मी याला 'दाजींची दहा मिनिटं' म्हणायचो आणि चिडवायचो, की हा चहासाठीचा बहाणा आहे.

गिऱ्हाइकाला सुनावण्यात तर त्यांचा हात कुणी धरला नसता. आमच्या गल्लीत एक गृहस्थ एसी सोळावर ठेवून अंगावर जाड वाकळ घेऊन झोपायचे, आणि बिल आलं की वीज मंडळाच्या नावानं शंख करायचे. दाजी त्यांना म्हणाले, "काका, वाकळंला बिल येत न्हाई, एसीला येतंय. सव्वीसवर ठेवा आन् चादर घ्या." एका बाईंनी बाहेरच्या युनिटवर पापड वाळत घातले होते, कारण तिथून फुकटचं गरम वारं येतं. दाजींनी एक पापड उचलला, उन्हाकडे धरून बघितला आणि म्हणाले, "पापड बेस झाल्यात वैनी. एसी मरंल, पण पापड बेस झाल्यात." उसाचा हंगाम सुरू झाला, साखर कारखान्याची धुराडी पेटली की आमच्या बावड्यात अंगणं, गच्च्या काजळीनं काळ्या होतात, ती बाहेरच्या युनिटच्या जाळीत जाऊन बसते. हंगाम संपला की दाजी न बोलावता यायचे, पाण्याचा पाइप लावून युनिट धुऊन काढायचे आणि त्या काळ्या पाण्याकडे बघत समाधानानं म्हणायचे, "आता घेतंय बगा श्वास." मशीनही श्वास घेतं, हे त्यांचं आवडतं बोलणं. मला ते तेव्हा नुसतं बोलणं वाटायचं...

बावड्यात मी घर बांधलं तेव्हा मला गॅसचा गिझर हवा होता आणि तो बाथरूमच्या आतच हवा होता. दाजी म्हणाले, बाहेर भिंतीला लावू, नुसती पाण्याची नळी आत घेऊ. मी म्हणालो, नव्या कोऱ्या घराच्या भिंतीवरनं मला नळ्या नाचवायच्या नाहीत. त्यांनी शांतपणे समजावलं, "पावणं, आग बी श्वास घेती. कोंडल्या जाग्यात सगळी हवा तीच खाती, आन् जो वायू सोडती त्याला ना वास, ना धूर. माणूस बसल्या जाग्यावर कलंडतंय." मी ऐकून घेणारा असतो तर हा लेख लिहायची वेळ आली नसती. माझं डोकं फिरलं. म्हणालो, "तुम्हाला जमत नसेल तर सांगा, दुसरा बघतो." मेहुण्यानं दाजीला असं बोलायचं नसतं. मला वाटतं आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी मनाविरुद्ध काम केलं. गिझर आत लावला. पण भिंतीला दोन भोकं पाडली, एक छताजवळ, एक फरशीजवळ, चांगली ताटलीएवढी. नवी फरशी फुटली म्हणून माझी बायको दोन दिवस फुगून बसली होती. जाताना दाजींनी आम्हा दोघांना समोर उभं केलं. "ह्या गिझरच्या नाकपुड्या हाईत. पाल येऊ दे, थंडी येऊ दे, काय बी येऊ दे, बुजवायच्या न्हाईत." आम्ही शहाण्यासारख्या माना डोलावल्या.

दोन वर्षांनी आमची पल्लवी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. तिचं सासर आजऱ्याचं, काजूचा धंदा, माणसं भली पण बोलायला रोखठोक. मुलगा झाला. दिवस कडाक्याच्या थंडीचे. बाळंतिणीला वारं लागता कामा नये, ही आमच्याकडे काळ्या दगडावरची रेघ. खिडक्या, दारांच्या फटी बंद करायचं काम माझ्याकडे आलं आणि मी ते क्वालिटीच्या माणसाला शोभेल असंच केलं. मेणबत्ती लावायची, घरभर फिरवायची, ज्योत जिथं हलेल तिथं वारं. न्हाणीघरात ज्योत हलली. वरच्या भोकाशी हलली, खालच्या भोकाशी हलली. मी जुनी चादर फाडली, दोन बोळे केले आणि दोन्ही भोकं घट्ट बुजवली. परत मेणबत्ती धरली. ज्योत स्थिर. मला मोठं समाधान वाटलं. दाजींचं बोलणं आठवलं नाही असं मी म्हणणार नाही. आठवलं. मनात म्हटलं, थोड्या दिवसांचा तर प्रश्न आहे, बाळंतीण महत्त्वाची. बायकोलाही सांगितलं नाही. पहिले काही दिवस मालिशवाल्या मावशींची सारखी ये-जा, दार उघडं-मिटतं, म्हणून निभावून गेलं.

बारशाच्या दिवशी सकाळीच आजऱ्याची सगळी मंडळी आली. अक्का आणि दाजीही आले. पल्लवी डोक्यावरून न्हायला गेली, बाळ व्याहीणबाईंच्या मांडीवर. बराच वेळ पाण्याचा आवाज येत होता. बायकोनं हाक मारली, ओ नाही. परत मारली. मग आत बादली आपटली... बाळंतिणीनं आतून कडी लावायची नाही, एवढी एक शिस्त आमच्या घरात पाळली जात होती, तिनं पोर वाचवली. बायकोनं आणि अक्कानं तिला चादरीत गुंडाळून अंगणात आणलं, त्याच थंडीत, त्याच वाऱ्यात, ज्याच्यासाठी मी घरभर मेणबत्ती घेऊन फिरलो होतो. मोकळ्या हवेत तिनं डोळे किलकिले केले तेव्हा मला बोळे आठवले. न्हाणीघराकडे धावलो, तर दाजींनी गिझर केव्हाच बंद केलेला, आणि ते स्टुलावर उभे होते. खालचा बोळा काढून झाला होता, वरचा हातात होता. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी त्यांच्याकडे बघितलं. दोन्ही बोळे त्यांनी झब्ब्याच्या खिशांत कोंबले, खाली उतरले आणि रुमालानं हात पुसत बाहेर गेले.

दवाखान्यात पल्लवीला ऑक्सिजन लावला. डॉक्टरांनी सांगितलं, गिझरचा वायू, वेळेवर आणलंत. व्याही तिथंच, सगळ्यांच्या देखत म्हणाले, "गिझर बसवला कुणी?" पोरीच्या बापानंच पोरीचा जीव घेतला असता, हे मी त्यांच्यासमोर कसं बोलणार होतो? माझ्या आधी दाजी बोलले, "मी बसवलाय. भोकं ल्हान पडली. चूक माझी हाय." व्याह्यांनी त्यांना खालीवर बघितलं. "येत न्हाई ते काम करू नये मानसानं." दाजी मान खाली घालून उभे. आणि मग अक्का, माझी अक्का, त्यांच्यावर फिरली. "पोरीला मारलं असतं की वो तुमी!" मी भिंतीला टेकून उभा होतो. एक वाक्य पुरलं असतं. ते वाक्य माझ्या तोंडातून निघालं नाही, त्या दिवशीही नाही आणि पुढची आठ वर्षंही नाही. याला भित्रेपणा म्हणतात, दुसरा शब्द नाही.

बातमी बावड्यात पसरायला किती वेळ लागतो? दाजींचं नाव निघालं की लोक गिझरचं काढायचे. दुसरा एखादा घरात बसून राहिला असता. दाजींनी मात्र छिन्नी-हातोडी पिशवीत टाकली आणि स्वतः बसवलेल्या गॅसच्या एकेका गिझरच्या दारात जाऊन उभे राहिले. "माझ्या हातनं चूक झालीया, आमची भाची मरता मरता वाचली. तुमचा बी गिझर आत हाय, बाहेर काढून देतो." काहींनी दारातूनच वाटेला लावलं. बाकीचे घाबरले होते, त्यांनी काढू दिला. महिनाभर हेच चाललं होतं. माझा तर दुसऱ्याच दिवशी बाहेर गेला. एकदा मी त्यांना गाडीवरून सोडायला निघालो होतो, तेव्हा म्हणालो, "दाजी, मी सगळ्यांना खरं सांगून टाकतो." ते मागून म्हणाले, "काय मिळणार सांगून? पोरीचं सासर हाय, तिला बोल लागंल. आन् माझं बी चुकलंच की. तुमी वरडला म्हणून मी आत बसवलाच कसा?" जरा थांबून परत म्हणाले, "एक सांगू पावणं? चार वर्सं मी लोकास्नी सांगालोय गिझर बाहेर लावा म्हणून, कोण ऐकत न्हवतं. आता चूक झाली म्हटल्यावर ऐकालेत." हे ऐकून मला रडू यायला हवं होतं. मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू, सुटल्यासारखं वाटलं.

त्यानंतर त्यांनी लोकांच्या घरी एकही गॅसचा गिझर बसवला नाही. साठीच्या उंबरठ्यावर इन्व्हर्टर एसीचं शिकायला लागले. चष्म्यावर आणखी एक भिंग लावून एसीच्या सर्किटच्या हिरव्या पट्टीवरचे मुंगीएवढे भाग न्याहाळायचे, मोबाइलवर व्हिडिओ बघून वहीत चित्रं काढायचे. हळूहळू गिऱ्हाईक परत जमलं. माझ्याकडे येत राहिले, चहा पीत राहिले, मला 'पावणं' म्हणत राहिले. एकदाही, अगदी एकदाही, त्यांच्या नजरेत मला ते बोळे दिसले नाहीत. याचा मला रागसुद्धा यायचा. वाटायचं, एकदा तरी शिवी द्या की मला.

दाजींच्या दिवसकार्याला बरीच माणसं जमली होती. पंगतीत माझ्या शेजारचा एक ओळखीचा माणूस भात कालवता कालवता म्हणाला, "मानूस लाखात एक. त्या गिझरचं तेवढं एक झालं, न्हाईतर बोट ठेवायला जागा न्हवती." मी ताटावरून उठलो. त्याची गचांडी धरायला हात पुढं गेला आणि तसाच राहिला. धरायची तर कुणाची धरायची होती?

दुसऱ्या दिवशी अक्काकडे गेलो. ती जोंधळं निवडत बसली होती. मी सगळं सांगितलं, मेणबत्तीपासून खिशात गेलेल्या बोळ्यांपर्यंत. तिचा हात सुपातच थांबला. मग म्हणाली, "आठ वर्सं?" मी मान हलवली. "मी काय काय बोललो त्यास्नी, तुला म्हाईत हाय? रोज न्हाई, पर भांडान निघालं की त्येच काढायचो. पोरगी मारली असती तुमी. आन् ते गप बसायचं. मला वाटायचं, चूक हाय म्हणून गप हाईत..." मी तिच्या पायाला हात लावायला वाकलो तर तिनं पाय मागं घेतला. "मला एकटीला सांगून मोकळा हुतोस व्हय रं? त्यांचं नाव गावात गेलंय. गावात सांग."

म्हणून हा लेख. पल्लवीला आणि व्याह्यांना आधी फोन करून सांगितलं. व्याही म्हणाले, "मी त्या मानसाला दवाखान्यात लई टाकून बोललो हो..." आणि फोन ठेवला. आमच्यात आत्याच्या नवऱ्याला मामाच म्हणतात; पल्लवी म्हणाली, "बाबा, मामा घरी आले की मी बाळाला त्यांच्याजवळ फार वेळ ठेवत नव्हते." तिनं मला माफ केलंय की नाही, मी विचारलेलं नाही. विचारायचा हक्क मला नाही. वाचणाऱ्यांपैकी ज्यांनी ज्यांनी दाजींचं नाव त्या गिझरशी जोडलं असेल, त्यांना हात जोडून सांगतो, चूक माझी होती. त्यांची भोकं बरोबर होती.

एवढं लिहून झाल्यावर परवा सकाळी ते अक्काला वाचून दाखवायला गेलो. पुढचं नंतर जोडलं आहे. अक्का अंगणात उन्हाला केस मोकळे सोडून बसली होती, नुकतीच न्हालेली. मी कागद काढले, तर म्हणाली, "थांब जरा." आणि तिनं मला परसात नेलं. तिथं बाहेरच्या भिंतीला, वर पत्र्याचं छोटं छप्पर करून, एक गॅसचा गिझर लावलेला होता. पल्लवीचं ते झालं त्याच महिन्यात दाजींनी तो अक्कासाठी बसवला होता. आणि अक्कानं त्याला आठ वर्षांत हात लावला नव्हता. तुमच्या हातच्या गिझरचं पाणी मला नको, म्हणाली होती, आणि शेगडीवर पातेलं ठेवून आंघोळ करत राहिली. दाजी तरीही दर दिवाळीच्या आधी त्याचे सेल बदलायचे, नळी बघायचे, पाच मिनिटं पेटवून परत बंद करायचे. ती स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघायची.

"आज चालू केला," अक्का म्हणाली. "मला वाटलं, कुठला पेटतोय एवढ्या वर्सांनी. नळ सोडला आन् पयल्या झटक्याला पेटला बग. आन् पाणी एवढं कडक आलं, एवढं कडक... गार पाण्याचं इसान घालाय लागलं मला." आणि ती ओल्या केसांनी तिथंच पायरीवर बसून मोठ्यानं रडायला लागली. दाजी गेल्यापासून ती अशी रडली नव्हती. मी शेजारी बसून राहिलो. बऱ्याच वेळानं तिनं पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, "हं. वाच आता."